वार्धक्याचे धोरण ठरते तेव्हा तुम्ही कुठे असता?

घरातील एखाद्या वयोवृद्ध व्यक्तीच्या उपचारांविषयी मी कुटुंबीयांशी बोलते, तेव्हा त्या संभाषणाचा जेमतेम निम्मा भाग औषधांविषयी असतो. उरलेला निम्मा भाग वेगळ्याच प्रश्नांनी व्यापलेला असतो. दुपारी सूनबाई कामावर असताना इन्सुलिन कोण टोचणार? उद्वाहक नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून पक्षाघाताच्या रुग्णाला फिजिओथेरपीसाठी खाली कोण उतरवणार? रात्रपाळीच्या मावशींचा पगार निवृत्तिवेतनात बसणार की नाही? या प्रश्नांवर माझ्या औषधचिठ्ठीत लिहिण्यासारखे काही नसते. त्यांची उत्तरे शासनाच्या धोरणात, महापालिकेच्या अंदाजपत्रकात आणि विम्याच्या नियमांत दडलेली असतात. ती धोरणे, ती अंदाजपत्रके आणि ते नियम ज्या खोलीत ठरतात, तेथे ना ते आजोबा असतात, ना त्यांची सून, ना त्या मावशी.

आरोग्यविषयक पाक्षिकात धोरणाची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. रक्तदाबाची गोळी वेळेवर घ्यावी हे मी अनेकदा लिहिले आहे. मात्र ती गोळी वेळेवर देणारे माणूस घरात असावे, यासाठी समाजाने काय केले पाहिजे, हा प्रश्नही आरोग्याचाच आहे. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या देशात साठीपुढील नागरिक सुमारे १० कोटी ४० लाख होते, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या २०२३ च्या अहवालानुसार २०५० पर्यंत हे प्रमाण २० टक्क्यांच्या पुढे जाईल. आज जे चाळिशीत आहेत आणि आईवडिलांना दवाखान्यात घेऊन येतात, तेच त्या आकड्यात मोजले जाणार आहेत.

या संदर्भात आयर्लंडमध्ये घडलेला एक प्रयोग तुम्हाला सविस्तर सांगावासा वाटतो.

२०१६ मध्ये आयर्लंडच्या संसदेने एक नागरिकसभा स्थापन केली. तिच्यात ९९ सामान्य नागरिक आणि एक अध्यक्ष होत्या. अध्यक्ष होत्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश मेरी लॅफॉय. या ९९ जणांना कोणी निवडून दिले नव्हते, कोणत्या पक्षाने पाठवले नव्हते आणि ते कोणत्याही विषयाचे तज्ज्ञ नव्हते. एका सर्वेक्षण संस्थेची माणसे घरोघर जाऊन त्यांना निवडत गेली. वय, लिंग, आर्थिक स्तर आणि प्रदेश यांचे देशात जे प्रमाण आहे, ते सभेतही दिसावे, एवढीच अट होती. राजकीय नेत्यांना तेथे जागा नव्हती. मानधनही नव्हते, प्रवास आणि निवास यांचा खर्च तेवढा भागवला जाई. सभेपुढे पाच विषय होते. त्यांतील गर्भपाताचा विषय जगभर गाजला, कारण सभेच्या शिफारशीनंतर २५ मे २०१८ रोजी सार्वमत झाले आणि राज्यघटनाच बदलली. दुसरा विषय होता वृद्ध होत चाललेल्या लोकसंख्येचा. त्याची वार्ता मात्र आपल्यापर्यंत फारशी पोहोचली नाही.

या विषयासाठी सभा २०१७ च्या जून आणि जुलै महिन्यांतील दोन शनिवार-रविवारी डब्लिनजवळच्या मॅलाहाइड या गावी एका हॉटेलात भरली. सात-आठ जणांचे एक गोल टेबल, प्रत्येक टेबलाशी चर्चा चालवणारा एक साहाय्यक आणि नोंदी ठेवणारा एक लेखनिक. आधी माहिती, मग प्रश्न, मग टेबलावरची चर्चा आणि अखेरीस गुप्त मतदान, असा क्रम होता. पहिल्या सत्रात घरातील शुश्रूषा आणि वृद्धाश्रम यांचा विचार झाला. दुसऱ्यात नोकरी, निवृत्ती आणि निवृत्तिवेतन यांचा.

(कोकणातील वाचकांना एक गोष्ट ऐकून गंमत वाटेल. या दोन बैठकांच्या मधल्या दिवसांत, १४ जून २०१७ रोजी, आयर्लंडचे पंतप्रधान झाले लिओ वराडकर. त्यांचे वडील मालवण तालुक्यातील वराड गावचे, आणि स्वतः लिओ माझ्यासारखेच जनरल प्रॅक्टिशनरचे शिक्षण घेतलेले डॉक्टर.)

सभेपुढची मुख्य अडचण समजून घेण्यासारखी आहे, कारण ती आपल्या ओळखीची आहे. आयर्लंडमध्ये २००९ पासून शुश्रूषागृहाच्या खर्चासाठी सरकारी योजना आहे. शुश्रूषागृहात राहणाऱ्या व्यक्तीने आपल्या उत्पन्नाच्या ८० टक्के आणि मालमत्तेच्या ठरावीक अंशाइतकी रक्कम दरवर्षी द्यायची. उरलेला भार शासन उचलते. ही योजना कायद्याने बांधलेली आहे. घरी राहून मदत हवी असेल तर मात्र तसा कायदा नव्हता. मदत मिळे, पण ती त्या त्या भागातील निधीवर अवलंबून असे. याचा परिणाम काय होणार हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. ज्या वाटेवर पैसा ठेवला आहे, त्याच वाटेने माणसे चालू लागतात. घरी राहण्याची इच्छा असलेली आजीही शुश्रूषागृहात दाखल होते, कारण कागद तेथेच मंजूर होतो.

आता आपल्याकडे पाहा. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येक भारतीयाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळाले. निर्णय चांगला आहे आणि तुम्ही कार्ड काढले नसेल तर जरूर काढा. परंतु हे संरक्षण रुग्णालयात दाखल झाल्यावरचे आहे. खुब्याचे हाड मोडले तर शस्त्रक्रियेचा खर्च निघेल. त्यानंतर तीन महिने आजींना उठवणारी, बसवणारी, चालवणारी बाई ठेवायची, तर तो खर्च घराने सोसायचा. प्रौढांचे डायपर, हवेची गादी, घरी येणारा फिजिओथेरपिस्ट, लघवीची नळी बदलायला येणारी परिचारिका, हे सारे ‘उपचार’ या शब्दाच्या बाहेर राहते. वर्षानुवर्षे वृद्ध रुग्ण पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, वृद्धाचे आयुष्य शस्त्रक्रियेच्या टेबलावर जितके ठरते, त्याहून अधिक ते या तीन महिन्यांत ठरते. हे मत मी सचिवालयात बसून मांडले असते तर ते एका डॉक्टरचे मत ठरले असते. हेच शंभर सुना, मुले आणि आजोबा एका सभेत म्हणाले, तर त्याला निराळे वजन येते.

मॅलाहाइडच्या त्या ९९ जणांनी काय ठरवले? घरातील शुश्रूषेला कायद्याचा आधार देण्याचे काम शासनाने लवकर उरकावे, असे जवळजवळ एकमताने ठरले. वृद्धांच्या शुश्रूषेसाठी अधिक निधी द्यावा, असे ८७ टक्के सदस्य म्हणाले. तो पैसा आणायचा कोठून, हा प्रश्नही त्यांना टाळता आला नाही. अधिक निधी मागणाऱ्यांपैकी बहुसंख्यांनी त्यासाठी सक्तीची सामाजिक विमा वर्गणी सुचवली. म्हणजे पैसा आमच्याच पगारातून कापा, पण तो याच कामासाठी राखून ठेवा. मत मागायला आलेला उमेदवार हे वाक्य उच्चारायला कचरतो. विचार करायला दोन दिवस आणि खरी माहिती मिळालेला सामान्य माणूस ते स्वतःहून बोलतो. माझ्या दृष्टीने या प्रयोगातील सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे.

केवळ वयाच्या कारणावरून सक्तीने निवृत्त करू नये, असे ८६ टक्के म्हणाले. त्यामागची व्यथा अशी की, अनेक नोकऱ्यांच्या करारात निवृत्ती ६५ व्या वर्षी होती आणि सरकारी निवृत्तिवेतन ६६ व्या वर्षी सुरू होई. मधले वर्ष माणसाने बेकार भत्त्याच्या रांगेत काढायचे. ही विसंगती दूर करा, असे ९६ टक्क्यांचे मत पडले.

आणखी एक निकाल आपल्याकडील समजुतीला धक्का देणारा आहे. वृद्धांची काळजी मुख्यतः कोणी घ्यावी, या प्रश्नावर ६० टक्के सदस्यांनी उत्तर दिले की, मुख्य जबाबदारी त्या व्यक्तीची आणि कुटुंबाची, मात्र शासनाने आपला वाटा उचललाच पाहिजे. पाश्चात्त्य माणसे आईबापांना सरकारच्या हवाली करून मोकळी होतात, असे आपण सहज बोलून जातो. त्यांना विचारले, तेव्हा ती आपल्यासारखीच बोलली.

आपला कायदा या बाबतीत एकाच बाजूने बोलतो. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा मुलांवर कर्तव्य टाकतो. त्यांनी ते पाळले नाही तर न्यायाधिकरण दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च देण्याचा आदेश देऊ शकते. दुर्लक्षित वृद्धांसाठी तो कायदा हवाच. परंतु जी मुले कर्तव्य पाळतात, पाळता पाळता स्वतःची पाठ आणि झोप गमावतात, त्यांना हातभार कोण लावणार, यावर तो मौन आहे. माझ्या मते, कायद्याचा विचार होताना अशा काही सुना आणि मुली खोलीत बसल्या असत्या, तर एखादे कलम तरी त्यांच्यासाठी आले असते.

प्रयोगाची उणी बाजूही सांगायला हवी. नागरिकसभेने जनतेकडून सूचना मागवल्या, तेव्हा गर्भपाताच्या विषयावर बारा हजारांहून अधिक निवेदने आली; वार्धक्याच्या विषयावर शंभर-सव्वाशेच्या घरात. अहवाल संसदेकडे गेला, पण वृत्तपत्रांनी आणि पुढाऱ्यांनी त्याकडे पुरेसे पाहिले नाही. निवृत्तीसाठी बचतीच्या योजनेचा कायदा व्हायला २०२४ उजाडले. घरातील शुश्रूषेचा कायदा तर ज्या घाईने मागितला होता, त्या घाईने आला नाहीच. निवृत्तिवेतनाचे वय ६७ करण्याचा बेत मात्र २०२० च्या निवडणुकीत लोकांच्या रोषाचा विषय झाला आणि पुढे रद्द करावा लागला. इंग्लंडमध्ये २०१८ साली बर्मिंगहॅम येथे ४७ नागरिकांची अशीच सभा भरली. शुश्रूषा आरोग्यसेवेसारखीच विनामूल्य मिळावी आणि तिचा खर्च करातून भागवावा, असा कौल तिने दिला. तेथेही कौल आणि कायदा यांत मोठे अंतर राहिले. सभा घेतली म्हणजे काम झाले असे नव्हे. शिफारशींना किती दिवसांत उत्तर द्यायचे, हे सभा भरवण्यापूर्वीच शासनाकडून लिहून घ्यायला हवे.

आपल्याकडे काय शक्य आहे?

सोडतीने माणसे निवडून त्यांच्यावर सार्वजनिक काम सोपवणे ही कल्पना आपल्याला परकी नाही. तमिळनाडूतील उत्तिरमेरूर येथील दहाव्या शतकातील चोळकालीन शिलालेखांत, ताडपत्रांवर नावे लिहून ती घटातून लहान मुलाच्या हातून काढण्याची पद्धत नोंदलेली आहे. हे वाचून छाती फुगवण्यापेक्षा, आज हाताशी काय आहे ते पाहू.

खेड्यात ग्रामसभा आहे. महाराष्ट्रात ती वर्षातून किमान चार वेळा भरणे बंधनकारक आहे आणि तिच्यात प्रत्येक मतदाराला बोलण्याचा अधिकार आहे. नियमित ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूदही आपल्या कायद्यात आहे. सासूबाईंच्या शुश्रूषेची अडचण सासूबाईंसमोर आणि भाऊबंदांसमोर मांडणे कोणत्या सुनेला जमेल? महिलासभेत ती बोलू शकते. त्या दिवशी गावातील किती घरांत अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, एवढी एक नोंद झाली तरी आरोग्यसेविकेच्या भेटींचे नियोजन बदलू शकते.

पुण्यात २००६ पासून महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांनी कामे सुचवण्याची सोय आहे. त्याचे अर्ज क्षेत्रीय कार्यालयांत मिळतात. पदपथाची उंची, बसथांब्यावरचे बाक, उद्यानातील स्वच्छतागृह ही कामे क्षुल्लक वाटतील. परंतु पदपथाची गुडघ्याएवढी पायरी उतरताना जी आजी पडते, तिच्या खुब्याच्या अस्थिभंगाची नोंद माझ्याकडे होते, पदपथाच्या ठेकेदाराकडे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये ज्येष्ठस्नेही शहरांची मार्गदर्शिका तयार केली, ती वृद्धांना आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांना विचारूनच. ३३ शहरांत गटचर्चा झाल्या. त्यांत आपली दिल्ली आणि उदयपूरही होती. रस्ता ओलांडायला मिळणारा वेळ, बसायला जागा, स्वच्छतागृह अशा साध्या गोष्टी त्या मार्गदर्शिकेत ठळकपणे आल्या.

सरकारी आरोग्यसेवांवर लोकांनी देखरेख करण्याचा अनुभवही महाराष्ट्राच्या गाठीशी आहे. २००७ मध्ये अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत हे काम सुरू झाले. गावकऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्राला गुण द्यायचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांनी उत्तर द्यायचे. बाळंतपण आणि लसीकरण यांविषयी जे प्रश्न विचारले जातात, तेच वृद्धांविषयी विचारता येतात. रक्तदाबाच्या गोळ्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात शिल्लक असतात का? केंद्रात शिरायला उतार आणि कठडा आहे का?

ज्येष्ठ नागरिक संघांना माझी एक सूचना आहे. वर्षातला एक कार्यक्रम व्याख्यान आणि सत्कार यांऐवजी अशा विचारसभेसाठी द्यावा. मात्र केवळ सभासदांना बोलावू नये. सभेला जे येऊ शकतात, ते बहुधा चालते-फिरते, निवृत्तिवेतनधारक आणि पुरुष असतात. ज्यांना वृद्धापकाळाच्या केंद्रीय योजनेतून ८० वर्षांपर्यंत दरमहा २०० रुपयेच येतात, आणि त्यांत राज्याची भर पडली तरच भागते, त्या आजी तेथे नसतात. म्हणून प्रभागातील घरांच्या यादीतून चिठ्ठ्या काढून तीस-चाळीस माणसे बोलवा. त्यांत विशीतला तरुण असू द्या, कारण उद्याची वर्गणी तो भरणार आहे. आणि शुश्रूषेचे काम करणाऱ्या एक-दोन मावशीही असू द्या. रुग्णाला कुशीवर वळवताना काय होते, हे त्यांच्याइतके मलाही ठाऊक नाही.

एक डॉक्टर म्हणून सभेच्या व्यवस्थेविषयी काही गोष्टी आग्रहाने सांगते, कारण त्या चुकल्या की नेमकी हवी ती माणसे घरी राहतात. सभा तळमजल्यावर घ्या. स्वच्छतागृह वीस पावलांवर असावे आणि त्यात धरायला कठडा असावा. हृदयविकाराचे किंवा रक्तदाबाचे अनेक रुग्ण सकाळी लघवी वाढवणारी गोळी घेतात आणि स्वच्छतागृहाच्या भीतीने बाहेर पडत नाहीत. काही जण अशा दिवशी गोळीच टाळतात, ते तर अधिक धोक्याचे. अशा रुग्णांनी गोळीची वेळ बदलता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. स्वतःच्या मनाने गोळी चुकवू नये. मधुमेहींसाठी जेवणाची वेळ ढळू देऊ नका. ज्यांना कमी ऐकू येते त्यांना बोलणाऱ्याच्या समोर बसवा, एका वेळी एकानेच बोलावे, आणि पंख्याचा खडखडाट असलेली खोली टाळा. दुपारी विश्रांतीसाठी एक तास ठेवा. स्मृतिभ्रंशाच्या आरंभीच्या अवस्थेतील व्यक्तीलाही बोलवा; तिला लहान वाक्यांत, एका वेळी एकच प्रश्न विचारला तर काय हवे आणि काय नको, हे ती स्पष्ट सांगू शकते. आणि जी सून किंवा मुलगा चोवीस तास अंथरुणाशी बांधलेला आहे, त्याच्या जागी त्या दिवसापुरते बसायला संघाने दोन माणसे द्यावीत. ही सोय केली नाही, तर काळजीवाहकांची बाजू काळजीवाहकांवाचूनच मांडली जाईल.

एका सभेला प्रश्नही एकच असावा. ‘ज्येष्ठांच्या समस्या’ हा प्रश्न नव्हे, तो फलकावरचा मथळा झाला. ‘आपल्या प्रभागात घरपोच शुश्रूषेसाठी महापालिकेने दोन परिचारिका नेमाव्यात का, आणि त्यासाठी कोणता खर्च कमी करावा’ हा प्रश्न. सकाळी आरोग्य अधिकारी आणि हिशेब जाणणारी एखादी व्यक्ती माहिती देईल. दुपारी टेबलांवर चर्चा. सायंकाळी गुप्त मतदान. विरोधात पडलेली मतेही अहवालात लिहावीत.

तोवर घरी एक काम करता येईल. एक साधी वही घ्या आणि सात दिवस लिहा: रात्री किती वेळा उठावे लागले, आंघोळ घालायला किती माणसे लागली, कोणत्या कामासाठी कोणाची रजा पडली, औषधांखेरीज किती रुपये गेले, आणि या आठवड्यात काळजी घेणाऱ्याला घराबाहेर किती तास मिळाले. वृद्ध व्यक्तीला जमत असेल तर तिची एक ओळ तिच्याच शब्दांत रोज लिहून घ्या. ग्रामसभेत किंवा क्षेत्रीय कार्यालयात ‘फार हाल होतात’ असे सांगितले तर मान डोलावली जाते. ‘सात रात्रींत एकतीस वेळा उठले’ असे सांगितले तर ते इतिवृत्तात लिहावे लागते. आणि पुढच्या वेळी दवाखान्यात याल तेव्हा ती वही मलाही दाखवा.